परतीचा नारळ

तापलेल्या सायलेन्सरवर पावसाचा थेंब पडला की आवाज येतो, चर्र. आंबोळी घालण्याआधी तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा. एक्सप्रेसवेवरच्या पुलाखाली आम्ही तिघं उभे होतो. रेनकोटांतून निथळणारं पाणी बुटांत साठत होतं, आणि दोन्ही गाड्यांच्या पोटाखालून तो आवाज थांबून थांबून येत होता. ओल्या डांबराचा, जळक्या तेलाचा आणि दमलेल्या देहांचा मिश्र गंध त्या कोंदट सावलीत दाटला होता. सिंगापूरमध्ये पाऊस आला की मोटारवाले वायपर लावून पुढे निघून जातात. दुचाकीवाले मात्र पुलाखालच्या राखून ठेवलेल्या चिंचोळ्या जागेत ओळीने गाड्या लावतात आणि एकमेकांचं नावगावही न विचारता आकाशाकडे बघत थांबतात. या शिस्तशीर नगरात माणसाला निरुद्देश उभं राहायची मुभा देणाऱ्या जागा किती उरल्यात? म्हणून मला ते पूल आवडतात. तो आवाज मात्र, तुम्हाला खरं सांगते, गेली दोन वर्षं मला सहन होत नव्हता.

तिघं म्हणजे मी, नंदू आणि शिरीष. नंदू गुहागरचा, मरीन इंजिनिअर. उमेदीची वर्षं समुद्रावर काढून आता इथल्या शिपयार्डात जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो, आणि बोलतो असा की पलीकडे अजून इंजिन चालूच आहे. शिरीष पुण्याचा, आधी माझ्या ऑफिसातला सहकारी, मग मित्र. बायको मेधाबरोबर पासिर रिसला राहतो. मी राहते पुंगोलला. मोटारसायकलचं लायसन्स मी चाळिशीत काढलं, तेही परीक्षकांचा अंत पाहून. माझा नवरा आल्यागेल्याला सांगतो, चाळिशीत लोक योगासनं शिकतात, आमच्या हिने क्लच शिकला. सांगू दे बापडा. वाऱ्याशी समोरासमोर बोलायचं सुख त्याला कुठे ठाऊक आहे?

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघं मलेशियाच्या फेरीला निघालो होतो. पूर्व किनाऱ्याने वर, मग डोंगर ओलांडून पेनांग, आणि चहाच्या मळ्यांतून खाली उतरून परत. सगळा प्रवास दृष्ट लागावी इतका सुरेख झाला. सरहद्द ओलांडली, सिंगापूरच्या ओळखीच्या हिरव्या पाट्या दिसू लागल्या, घर हाकेवर आलं. आणि जालान कायूच्या वळणावर, पावसाने चकचकीत झालेल्या पांढऱ्या रेघेवरून शिरीषचं चाक सरकलं. चूक कुणाचीच नव्हती. तो रस्त्यावर पडला होता, त्याची गाडी पलीकडे आडवी झाली होती, आणि पावसात तिच्यातून चर्र चर्र आवाज येत होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्याचा हात धरून तो आवाज ऐकत बसले. मांडीच्या हाडात सळई बसली, कुबड्या आल्या, कुबड्या गेल्या, चालणं सुधारलं. पण शिरीष पुन्हा गाडीवर बसला नाही. पूर्वी ज्याच्या बोलण्यात दर चौथ्या वाक्याला एखादा घाट यायचा, तो माणूस एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, दाराशी मान खाली घालून उभा राहू लागला. पाय बरा झाला होता. माणूस बरा झाला नव्हता. मला त्याची भयंकर काळजी वाटायची.

आणि मागे राहिला होता एक नारळ. आपल्याकडे निघताना नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. नंदूला हे पटत नाही. तो म्हणतो, निघताना फोडलेला नारळ ही देवाला दिलेली लाच, परतल्यावर फोडलेला नारळ म्हणजे आभार. लाच माणसांना द्यावी, देवाला आभार पुरतात. त्यामुळे आमचा रिवाज उलटा. लिटिल इंडियातून चांगला शेंडीचा नारळ घ्यायचा, गाडीमागच्या पेटीत ठेवून सगळा प्रवास फिरवायचा आणि सुखरूप घरी आल्यावर वाढवायचा. त्या वेळचा नारळ शिरीषच्या पेटीत होता. गाडीचा पत्रा चेपला, आरसे फुटले, नारळाला मात्र ओरखडासुद्धा नाही. तो मीच मेधाच्या हातात नेऊन दिला. तिने तो देवघरात ठेवून दिला. टाकला नाही, फोडला नाही, चटणीला तर नाहीच नाही. शिरीषची गाडी दुरुस्त करून आणली तीही तिनेच. दरवेळी इन्शुरन्स भरला, रोड टॅक्स भरला, आणि खाली पार्किंगमध्ये ती गाडी झाकून ठेवली. कुणासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “असू दे गं. गाडीला काय खायला घालावं लागतंय?”

याच फेरीवर पुन्हा जायचं हे नंदूनेच काढलं. त्याच्या स्वतःच्या गाडीची दहा वर्षं भरली होती, आणि इथे दहा वर्षं झाली की गाडीला निरोप द्यावा लागतो. तेव्हा शिरीषची गाडी मी चालवतो, शिरीषने मागे बसावं, असा त्याचा साळसूद प्रस्ताव. शिरीष बरेच दिवस नाही म्हणाला. मग एका रविवारी अट घालून तयार झाला: मी मागे बसेन, पण चालवतोस का म्हणून कुणी एकदाही विचारायचं नाही. आम्ही कबूल केलं. निघायच्या सकाळी मेधा खाली आली, पेटी उघडली आणि देवघरातला तो नारळ स्वतःच्या हाताने आत ठेवला. म्हणाली, “हा तेव्हाचाच आहे. परत आणा.” शिरीष नेहमीसारखा “येतो” म्हणाला. घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ही आपली रीत आपण किती सहज पाळतो! पण मागच्या वेळचा त्याचा ‘येतो’ दोन वर्षं अर्ध्या वाटेवर अडकून पडला होता, हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं.

प्रवासाचं काय सांगू? तेरेंगानूचा निळाभोर समुद्र उजव्या बाजूला लपाछपी खेळत सोबत आला. डोंगरातल्या रस्त्यावर हत्तींपासून सावध राहायच्या पाट्या होत्या. हत्ती दिसले नाहीत, त्यांची लीद दिसली, तेवढ्यावर आम्ही धन्य झालो. टपरीवरची कढत तेह तारिक, म्हणजे उंचावरून ओतलेला फेसाळ चहा, केळीच्या पानावरचा भात, आणि मेधाने दिलेली शेंगदाण्याची चटणी तिघांनी तिन्ही त्रिकाळ खाल्ली. शिरीष मागे बसायचा. पुढे ट्रक दिसला की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा आणि नंदू ओरडायचा, “अरे बाबा, मागच्या सीटला ब्रेक नसतो!” आणि खड्डा आला की शिरीषच्या पाठीशी पेटीतला नारळ वाजायचा, खुळखुळ. निघताना तो मुका होता की आमचं लक्ष नव्हतं, कोण जाणे. आपल्या पाठीमागे आपलं एखादं अपुरं राहिलेलं काम असं सतत वाजत राहावं, यासारखी दुसरी शिक्षा नसेल. आणि तरी, हळूहळू, त्या वाजण्याची आम्हाला सवय झाली. पहाडातल्या वळणांवर शिरीषचा पाय दाबला जायचा थांबला. त्याचं अंग नंदूच्या आधीच वळणाकडे झुकू लागलं. मी मागून येत होते, मला ते दिसत होतं.

पेनांगच्या फेरीबोटीत कठड्याला टेकून नंदूने जहाजांच्या गोष्टी काढल्या. सात समुद्र पार करून आलेलं जहाज शेवटी बंदराच्या तोंडाशी थांबतं. कप्तान कितीही मोठा असो, शेवटचं पाणी त्याच्या ओळखीचं नसतं. मग बंदरातून एक छोटी होडी येते, दोरीच्या शिडीने एक माणूस वर चढतो, तो पायलट. खडक कुठे, गाळ कुठे, ओढ कुठली, हे त्याला पाठ असतं. तो सांगेल तसं जहाज चालतं आणि धक्क्याला लागतं. शिरीष ऐकत होता की नाही, कळलं नाही. पाण्याकडे बघत त्याने एवढंच विचारलं, “आणि त्या पायलटला भीती नाही वाटत?” नंदू म्हणाला, “वाटते ना. म्हणून तर त्याला खडक माहीत असतात.”

परतीच्या सकाळी वूडलँड्सच्या चेकपॉइंटवर ऑफिसरने पेटी उघडायला लावली आणि नारळ कानाशी धरून हलवला. खुळखुळ. त्याच्या चेहऱ्यावर मोठं प्रश्नचिन्ह. “प्रार्थनेसाठी?” त्याने इंग्रजीत विचारलं. आम्ही तिघंही एकदम हो म्हणालो, त्याने तो हळूच परत ठेवला. पलीकडे रस्ता मोकळा झाला आणि नंदू म्हणाला, आलो रे घरी. घरी! ज्या भूमीवर आपलं राहणं एका पासच्या मुदतीवर अवलंबून, तिला आपण घर कधीपासून म्हणायला लागलो? बहुधा ज्या दिवशी कुणीतरी वाट बघायला लागलं, त्या दिवसापासून. मग आभाळ भरून आलं, सरी कोसळल्या आणि आम्ही त्या पुलाखाली शिरलो.

पुढे जालान कायूचं वळण होतं. तिघांनाही ते माहीत होतं, म्हणून तिघंही हवापाण्यावर बोलत होतो. सायलेन्सर चर्र चर्र करत होते आणि दर वेळी मी दचकत होते. शिरीष अट पाळून मागे बसून घरी गेला असता तरी त्यात कमीपणा काहीच नव्हता; पण मग तो नारळ कुणी आणि कशाबद्दल वाढवायचा? आमच्या शेजारी उभा असलेला म्हातारा मलय काका हात बाहेर काढून म्हणाला, “स्मॉल रेन ऑलरेडी, कॅन गो लाह.” माणसं हेल्मेटं चढवू लागली. नंदूने रुमालाने सीट पुसली, किल्ली लावायला हात पुढे केला, आणि त्या हातासमोर शिरीषचा उघडा तळहात आला. “नंद्या,” तो म्हणाला, “पायलट आलाय.” नंदूने किल्ली त्या तळहातावर ठेवली आणि तो मागच्या सीटवर जाऊन बसला.

मी त्यांच्या मागून निघाले. पहिल्या गिअरला गाडीने आचका दिला, नंदूचं हेल्मेट शिरीषच्या हेल्मेटवर आपटलं. मग गाडी सरळ झाली. रस्ता ओलाच होता. शिरीष डाव्या लेनमधून, बाजूने जाणाऱ्या लॉऱ्यांची घाई मनावर न घेता चालला होता. वळण आलं. मागचा दिवा लाल झाला, वेग उतरला, पांढरी रेघ त्याने सरळ ओलांडली, आणि मग गाडी झुकली, हवी तेवढीच. पुढचं मला नीट दिसलं नाही. हेल्मेटच्या आत माणूस रडायला लागला की काच धुरकटते, आणि हातमोज्याने ती आतून पुसता येत नाही. पुंगोलचा, माझ्या घराचा फाटा गेला, मी वळले नाही.

पासिर रिसला मेधा इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकच्या खांबाशी उभी होती, हातात पोळीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. गाडी आत वळली तेव्हा तिची नजर सवयीने मागच्या सीटवर गेली. तिथे नंदू होता. मग नजर पुढच्या सीटवर गेली आणि तिथेच थांबली. मेधा पुढे होऊन म्हणाली, “पावसात थांबला होतात ना? थांबलात ते बरं केलंत.” तिने तुकडा ओवाळला, तांब्यातलं पाणी गाडीवरून ओवाळलं, पण तिचे डोळे शिरीषवरून हटत नव्हते आणि अर्धं पाणी सायलेन्सरवर सांडलं.

चर्र.

मी दचकले नाही. वाफेचा एक पांढरा पट्टा वर आला, मेधाच्या चेहऱ्यावरून गेला आणि विरला.

आता नारळ. त्या लखलखीत फरशीवर तो फोडायचा कुठे? शेवटी हिरवळीकडच्या गटाराची सिमेंटची कड सापडली. शिरीषने त्यावर आपटला, दोन दणक्यांत कवटी उकलली. पाण्याचा थेंबही नाही. आत खोबरं कवचापासून सुटून अखंड गोल झालं होतं. कोकणातल्या नंदूने निकाल दिला, “गोटा झालाय. इतके दिवस ठेवलेला नारळ एक तर नासतो, नाहीतर असा होतो. पाणी कुठे जात नाही, खोबरंच पिऊन टाकतं.” मेधाने तिथेच त्याचे तुकडे केले. मी एक तोंडात टाकला. चिवट, तेलकट आणि कमालीचा गोड.

तिने माझ्याशी हळूच बोलायला मान कलवली. “तो मागे बसून आला असता ना, तरी मी ओवाळणारच होते,” ती म्हणाली. मी म्हटलं, मला माहीत आहे. खरंच माहीत होतं मला. दोन वर्षं जिने गाडी झाकून ठेवली, ती कुठल्या सीटवरून कोण येतं हे मोजायला थोडीच बसली होती?

इतका वेळ शिरीषच्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं, ते त्याने आता काढलं. केस घामाने चपचपलेले, कपाळावर हेल्मेटचा वळ, आणि डोळ्यांत ते जुनं घाटांचं वेड परत आलेलं. खोबऱ्याचा तुकडा हातात धरून तो तिच्याकडे बघत राहिला.

“आलो गं,” तो म्हणाला.