नाक्यावरचे अभिनंदन

कळंब नाक्यावरचा तो फ्लेक्स आजही माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा आहे. कर्जत तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिन्यात जत्रेचा बंदोबस्त आटोपून जीपने परतत होतो. फ्लेक्सवर साडी नेसलेल्या तरुण मुलीचा फोटो आणि ठळक अक्षरांत मजकूर होता : 'आखाती देशातील नामांकित शाळेत इंग्रजी शिक्षिका म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाचा फोटो, तोही मुलीच्या फोटोहून मोठा.

आमच्या भागात पोरगा दहावी पास झाला तरी फ्लेक्स लागतो, तेव्हा त्याचे नवल नव्हते. मला खटकले ते वेगळेच. परदेशात शिकवायला जाणाऱ्याकडे तिथली शाळा पोलिसांचा चारित्र्य दाखला मागते, कारण लहान मुलांशी संबंध येतो. अर्ज पासपोर्ट ऑफिसात होतो, पण पडताळणी आमच्याकडेच येते. ठाण्यात जाऊन हवालदाराला विचारले, तर कळंबच्या कोणत्याही मुलीची पडताळणी आलेली नव्हती. आयुष्यभर खबऱ्यांच्या मागे फिरलो, आणि ही खबर आरोपीने स्वतःच छापून नाक्यावर टांगली होती.

दुसऱ्या दिवशी साध्या वेशात मुलीच्या घरी गेलो. तिचे नाव सांगत नाही. शेलूच्या एका इंग्रजी शाळेत ती शिकवायची, म्हणून तिला बाई म्हणतो. वडील रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी आग्रहाने चहा पाजला.

"जूनच्या पयल्या आठवड्यात इमान हाय, साहेब. त्याच्या आधी विहारात सत्कार ठेवलाय. तुमी पण या."

मी बाईंना विचारले, "शाळेचा करार कुठे आहे?"

"तिकडे गेल्यावर सही करायची आहे."

"व्हिसा?"

"आत्ता व्हिजिट व्हिसा. नंतर नोकरीचा करून देतात, असं सर म्हणाले." सर म्हणजे एजंट. पासपोर्टही त्याच्याच ताब्यात, आणि शेलूच्या नोकरीचा राजीनामा देऊन झालेला.

मी तोंड फोडून सांगितले की हा मामला फसवणुकीचा दिसतो, लेखी फिर्याद द्या. बाईंचा चेहरा पडला. हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुमचं पटतंय मला. पण फ्लेक्स लागलाय. आता घरी बसले तर लोक काय म्हणतील?" मला राग आला, पण कोणावर काढायचा तेच कळेना. एक शिकलीसवरलेली मुलगी निव्वळ फ्लेक्सपायी अनोळखी मुलखात जायला निघाली होती.

एजंटाचे ऑफिस खोपोलीत. चौकशीला बोलावल्यावर तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर मारून आला. फिर्याद नाही हे त्याला ठाऊक होते, त्यामुळे गडी निवांत होता. परदेशी नोकरीवर माणसे पाठवायला सरकारी परवाना लागतो. तो विचारला, तर "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला. मी त्याला बोलू दिले. खोटे बोलणाऱ्याला अडवू नये, त्याला ऐसपैस जागा द्यावी, हा माझा शिरस्ता.

मग सहज विचारले, "तिथली शाळा उघडते कधी?"

"आपल्यासारखीच, साहेब. मेची सुट्टी संपली की जूनच्या मध्यावर."

इथेच तो सापडला. माझी भाची आखातात राहते. तिची मुले तिथल्या इंग्रजी शाळेत शिकतात. दरवर्षी जुलैत सुट्टी लागली की माझ्याकडे येतात आणि आंबे संपले म्हणून माझ्याशीच भांडतात. त्यांची शाळा उघडते थेट सप्टेंबरच्या सुमारास.

"जूनमध्ये तिथे शाळा बंद व्हायच्या बेतात असतात," मी म्हणालो. "बाई शिकवणार कोणाला? लाव शाळेला फोन, आत्ता, माझ्यासमोर."

त्याने मोबाईल काढला, पण नंबर काही लावेना. शेवटी बोलता झाला. शाळा नव्हतीच. एका घरात मुले सांभाळायची, स्वयंपाकपाणी करायचे, जमले तर मुलांशी इंग्रजी बोलायचे.

"आणि हे फ्लेक्स कशाला?"

"पोरी आयत्या वेळी घाबरतात, साहेब. एकदा फ्लेक्स लागला की घरचेच त्यांना मागं फिरू देत नाहीत."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. मला फिर्यादच हवी होती. बाई आणि वडिलांना मी आधीच बोलावून बाहेर बाकावर बसवले होते. त्यांना आत बोलावले आणि एजंटाला शेवटचे वाक्य पुन्हा बोलायला लावले. वडिलांनी त्याच्याकडे बघितलेसुद्धा नाही.

"लिही गं बाय, फिर्याद लिही," ते लेकीला म्हणाले. "बोर्ड मी उतरवतो."

गुन्हा दाखल झाला. खोपोलीच्या ऑफिसची झडती घेतली, पंचांसमक्ष बाईंचा पासपोर्ट मिळाला, आणखी काही मुलींचेही मिळाले. वडिलांनी बोलल्याप्रमाणे केले. भर बाजाराच्या वेळी शिडी लावून स्वतः चढले. कोणी हसले, कोणी मोबाईलवर शूटिंग केले. त्यांनी सुतळ्या कापल्या, फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारली आणि चालू लागले. त्या माणसाचा मला फार आदर वाटला.

शेलूच्या शाळेने बाईंना परत घेतले. दिवाळीनंतर त्यांनी परदेशी शाळांकडे थेट अर्ज पाठवले. सप्टेंबरला उघडणाऱ्या शाळा शिक्षक शोधायला लागतात ते साधारण जानेवारीपासून. मोबाईलवर मुलाखत झाली, आधी करार आला, मग पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रे साक्षांकित झाली, आणि एके दिवशी त्यांची पडताळणी माझ्या टेबलावर आली. शेरा मी स्वतः लिहिला. नोकरीचा व्हिसा हातात पडल्यावरच त्या निघाल्या. नाक्यावर काहीच लागले नाही.

फसवणूक लोभावर चालते असे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. या प्रकरणानंतर ते बदलले. कौतुकात अडकलेला माणूस लोभी माणसापेक्षा लवकर फसतो आणि उशिरा तक्रार करतो. तेव्हापासून फिर्यादीला मी एक प्रश्न जादा विचारू लागलो : हे कोणाकोणाला सांगून बसलात?

बाई गेल्या, तरी माझा पोलिसी जीव थाऱ्यावर नव्हता. कागद कितीही चोख असले, तरी तिकडे पोचल्यावर काय होईल कोण सांगणार? पुढच्या जुलैत, मी निवृत्त झाल्यावर, बाई वडिलांना घेऊन माझ्या घरी आल्या. पाणी प्यायल्या आणि रुसल्यासारखे म्हणाल्या, "सुट्टी लागेपर्यंत इथले आंबे संपले हो, साहेब!"

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.