आयेची मशेरी

आमच्या सासूचा आवाज खालच्या वाडीपर्यंत ऐकू जायचा आणि तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कायम काळं असायचं. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची मशेरी ती दिवसातून चार वेळा दातांना घासायची. सारी वाडी तिला आये म्हणे. माझ्या बाळंतपणात तिनं मला चुलीकडे फिरकू दिलं नाही. "उठलीस तर तंगडी मोडीन," म्हणायची आणि गरम पेज पुढ्यात ठेवायची.

साखरेशी मात्र तिचं वैर. यजमान मुंबईच्या गिरणीतून येताना माझ्या चहासाठी पुडी आणत. आये गुळाचा चहा पिई आणि ओरडे, "ढोरांच्या हाडांच्या कोळशानं धुवून पांढरी केलेली हाय ती! रोग हाय रोग!" तरी कधीमधी माझ्या बशीतला घोट घ्यायचीच.

पुढे तिच्या गालात आतून गाठ आली. महाडच्या वैद्यानं नाडी धरली. गाठ गोडावर वाढते म्हणाला आणि गोड बंद केलं. मेल्यानं तोंड उघडून पाहिलंसुद्धा नाही! वाडीभर झालं, सुनेनं साखर पाजून सासूला रोग लावला. पाणवठ्यावर बायका माझ्याशी बोलेनात. आयेनं गूळ सोडला, केळं सोडलं, तिची हाडं वर आली. ठणका बधिर व्हावा म्हणून मशेरी मात्र दुप्पट झाली. ती भाजून मीच देत होते, याच हातांनी.

शेवटी यजमानांनी तिला दासगावहून लाँचनं मुंबईला नेलं. डॉक्टरांनी गाल पाहिला, मग बोट पाहिलं. हे तंबाखूनं झालंय, साखरेनं नाही, आता उशीर झाला, हवं ते खाऊ द्या, असं त्यांनी तिच्यादेखत सांगितलं. मला हे यजमानांकडून कळलं, तेही ती गेल्यावर.

कारण परतल्या दिवशी अंगणात बायकांनी विचारलं, "आये, डाक्तर काय म्हनला?"

आये माझ्याकडे बघून म्हणाली, "साखर."

यजमान खाली मान घालून वहाणा काढत राहिले. दोघांचाही मला अजून संताप येतो. तिला मशेरी सोडवेना, म्हणून सून पुढे केली. महिन्याभरात ती गेली, गुळाचा खडाही तोंडात न घालता. मी खूप रडले. पण त्या एका शब्दाला माझ्याकडे माफी नाही.

काही वर्षांनी शेजारच्या, आयेसारखीच मशेरी लावणाऱ्या जनीबाईच्या गालात तशीच गाठ आली. त्या दिवशी अंगणात तीही होती. तिची सून माझ्याकडे धावत आली. "काकी गो, आमच्यात साखर कधी आलीच नाय. मंग सासूबायला ह्ये कशानं झालं?"

गेलेल्या माणसाची उणीदुणी काढू नयेत म्हणतात. मी आयेचं नाव घेऊन सगळं सांगितलं.