मास्तर खाली बसल्या

कपड्यांच्या त्या कारखान्यात शिलाई मशीनं साठ होती, पण कापडाला पातं लावायचा अधिकार एकाच व्यक्तीला होता. ती व्यक्ती बाई होती, तरी सगळे तिला मास्तर म्हणत. घरी नवराही थट्टेनं तेच म्हणे. सव्वीस वर्षं मास्तर त्या लांबलचक टेबलाशी उभ्या राहिल्या होत्या. कापडाचे ऐंशी थर एकावर एक अंथरायचे, वर खडूनं खुणा करायच्या, डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा चढवायचा आणि उभ्या पात्याचं मशीन थरांमधून चालवायचं. वळणावर हात अडखळला की एक नाही, ऐंशी बाह्या वाया. मास्तरांच्या हातून आजवर असं झालं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरूही देत नसत.

त्यांचा एक कायदा होता: कापडाजवळ पाणी आणायचं नाही. फार पूर्वी फिकट रेशमाच्या अख्ख्या थप्पीवर कुणाचा तरी पेला कलंडला होता, तेव्हापासून सगळ्यांच्या बाटल्या दाराबाहेर रांगेत राहू लागल्या. कायदा करणारीनं तो स्वतःलाच सगळ्यात जास्त लावून घेतला. पाण्यासाठी हातातलं काम सोडून बाहेर जायचं म्हणजे कमीपणा, म्हणून सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत घशाखाली घोट जात नसे. घरी वेगळीच तऱ्हा. नवऱ्याचं ब्लडप्रेशर वाढलेलं, डॉक्टरांनी त्याचं मीठ तोडलेलं. त्यानं एकट्यानंच बेचव जेवावं हे मास्तरांना पटेना. दहा वर्षं त्याही त्याच्या पंक्तीला अळणी जेवल्या. कामावर कोरड्या आणि घरी अळणी, आणि दोन्हीचा तोरा सारखाच.

मग एका उकाड्याच्या दुपारी खडू उचलायला त्या वाकल्या, उठल्या, आणि डोळे उघडले ते जमिनीवर. मशीन मिनिटभर आधीच बंद केलेलं होतं. पातं चालू असतं तर काय झालं असतं, या विचारानं सगळ्यांच्या नजरा तिकडेच गेल्या. त्याच आठवड्यात त्या जिन्यापाशी पुन्हा कोसळल्या. मॅनेजरनं त्यांच्या जागी बदली कारागीर आणला आणि त्यांना बटणं लावायच्या टेबलाशी बसवलं. तिथं खुर्ची होती, पंखा होता, आणि मास्तरांच्या मते जगातला सगळा अपमानही तिथंच होता. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्यानं सरळ सांगितलं की डॉक्टरांची चिठ्ठी आणा, दोन महिने एकदाही पडू नका, मग एक दिवस माझ्यासमोर कापून दाखवा. त्या दिवशीही पडायचं नाही. जमलं तर टेबल तुमचं, नाहीतर बदली कारागीर कायमचा.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आडवं करून प्रेशर मोजलं, मग उभं करून मोजलं. उभ्यानं आकडा धाडकन खाली आला. रक्त तपासलं, हृदयाचा ईसीजी काढला, तिथं काही निघालं नाही. मग खाण्यापिण्याची चौकशी सुरू झाली. मास्तरांनी पाण्याचा कायदा आणि अळणी जेवण जरा ऐटीतच सांगितलं, तशी बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या नवऱ्याचं पथ्य तुम्हाला कुणी लिहून दिलं?"

मास्तरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

रक्तवाहिन्या आवळून धरणारी गोळी मिळाली. ती दिवसातून तीनदा, उभं राहायच्या वेळात घ्यायची, घेऊन आडवं व्हायचं नाही. मीठ मोजून, पाणी बाटलीनं, पायात घट्ट मोजे. आणि डोळ्यांपुढे अंधुक झालं, कानात घूं व्हायला लागलं की हातात काहीही असो, तिथल्या तिथं खाली बसायचं. गोळ्या, मीठ, मोजे हे सगळं मास्तरांनी मुकाट मान्य केलं. खाली बसणं मात्र त्यांना औषधापेक्षा कडू लागलं.

मीठ मोजायचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं. ज्याला चिमूटभरही चालत नव्हतं तो माणूस रोज सकाळी चष्मा लावून, सोनार तोलतो तसं बायकोचं मीठ मापाच्या चमच्यानं डबीत भरू लागला. एकदा बोट चाटताना सापडला. त्यावर मास्तरांनी जे काही ऐकवलं, त्यानंतर बोट पुन्हा डबीत गेलं नाही. पण त्या डबीमुळे त्यांना नवऱ्याचं फार कौतुक वाटे आणि कारखान्यात त्या ते बोलूनही दाखवत.

दोन महिने एकदाही न पडता गेले, डॉक्टरीणबाईंची चिठ्ठीही मिळाली. कापून दाखवायच्या दिवशी मास्तर स्वतःची पाण्याची बाटली घेऊन कापडाच्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी ती टेबलाच्या पायाशी बादलीत ठेवली. साठ मशीनं थबकली. कुणी हसलं नाही, हसायची छाती नव्हती.

कोटाचं कापड होतं, महागाचं. मॅनेजर हाताची घडी घालून समोर उभा. दोन बाह्या झाल्या. तिसरीच्या वळणावर मास्तरांच्या मानेवर गार घाम आला, कान घुमले, खडूची रेघ विरघळायला लागली. वळण संपायला चार बोटं उरली होती. त्यांचा हात म्हणत होता, एवढं संपव. मास्तरांनी बटण बंद केलं, पातं थांबेपर्यंत मशीन धरून ठेवलं आणि सगळ्यांदेखत जमिनीवर बसकण मारली. मग आडव्या होऊन पाय कापडाच्या गठ्ठ्यावर टेकवले, पोटऱ्या आवळल्या. जरा बरं वाटल्यावर उठून बसल्या आणि बाटली तोंडाला लावली.

मॅनेजर जवळ आला. "मास्तर, आपलं ठरलं होतं," तो कसनुसा होऊन म्हणाला.

"पडायचं नाही असं ठरलं होतं," मास्तर खालूनच म्हणाल्या. "मी पडले नाही. बसले."

मॅनेजर पुन्हा हाताची घडी घालून उभा राहिला. पाव तास गेला. मास्तर हळूच उठल्या, टेबल धरून थोडं थांबल्या, डोळ्यांपुढचं सगळं लख्ख दिसतंय याची खात्री केली. मग जाळीचा हातमोजा चढवला आणि जिथं थांबल्या होत्या तिथूनच वळण पुरं केलं. सवयीप्रमाणे सगळ्यात वरची बाही आणि सगळ्यात खालची बाही काढून, एकीवर एक ठेवून त्याच्यापुढे सरकवल्या. कडेला कड लागली होती.

त्यानं बाह्यांकडे पाहिलंच नाही.

"तुम्ही चांगलं कापता हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "थांबता की नाही, तेवढंच बघायचं होतं, आणि मघाशी तुम्ही थांबलात तेव्हा माझ्याच ते लक्षात आलं नाही. टेबल तुमचं."

मास्तरांनी दोन्ही बाह्या पुन्हा थप्पीत ठेवल्या. आजवर कापलेल्या हजारो बाह्यांचा त्यांनी तोरा मिरवला होता, पण त्या चार बोटांआधी बंद केलेल्या बटणाइतका अभिमान त्यांना कशाचाच वाटला नव्हता. त्यांनी बाटलीतला उरलेला घोट संपवला आणि चौथ्या बाहीची खूण करायला खडू मागितला.