बारशाची चाल

घुगऱ्यांचा वास आला ना, की मला आखातातल्या महबूल्यातला आमचा फ्लॅट आठवतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, धाकटीचं बारसं होतं. आम्ही सगळ्या तरुण बायका, वडीलधारं कुणीच नाही. पाळण्याचे शब्द पाठ, पण चाल कुणालाच नीट येईना, मग जिनं तिनं आपलीच लावली. "अगो, अशानं पोर झोपेल कसली, घाबरून रडेल!" रत्नागिरीची शेजारीण म्हणाली. समोरचे ग्रीक आजोबा पेढा खात ऐकत होते. त्यांनी चाली दिलेली गाणी म्हणे तिकडे खानावळीतसुद्धा लोक गायचे. पण बायको गेल्यापासून वाद्याला हात लावला नव्हता, असं रिफायनरीतला त्यांचा मुलगा सांगायचा. आजोबा उठून गेले. आम्हाला वाटलं, कंटाळले बिचारे! तर लांब दांड्याचं तारांचं वाद्य घेऊन परत आले. मोडक्या इंग्रजीत मला म्हणाले, "शब्द नुसते म्हण. सावकाश, बाळाला झोपायचंय." आणि त्या शब्दांवर त्यांनी हळूहळू चाल बसवली. त्यांचा मुलगा दारातच डोळे पुसत उभा. परवा पुण्यात धाकटीच्या लेकीचं बारसं झालं, पाळणा मी म्हटला. विहीणबाईंनी विचारलं, "पाळण्याची ही चाल तुमच्या माहेरची का हो?" म्हटलं, "नाही, आमच्या समोरच्या आजोबांची."