खिडकीत निळा, टाकीत पिवळा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं शिवणकामाचं दुकान आहे त्यांना सगळे उजेडमामा म्हणतात. कापडाला जुळता दोरा मागितला की ते कापड घेऊन दारात जातात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "दिव्याखाली रंग खोटं बोलतो. उजेडात बघू."

त्यांची मुलगी कामासाठी परगावी गेली आणि जाताना आपली माशांची टाकी मामांच्या हवाली करून गेली. टाकीत दाट पाणझाडं आणि त्यांतून फिरणारे बोटाच्या पेराएवढे मासे. मागे एकदा तिने कुंड्या अशाच सांभाळायला दिल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं, हा विषय त्या घरात कुणी काढत नाही.

"बाबा, झाडांना कार्बन डाय-ऑक्साइड लागतो," तिने समजावलं होतं. "तो या नळकांड्यातून पाण्यात जातो. किती गेला ते पाण्यात लावलेला हा काचेचा फुगा सांगतो. त्यातलं औषध हिरवं असलं की ठीक. निळं झालं तर गॅस कमी, चावी जरा सोडा. पिवळं झालं तर जास्त, मासे घुसमटतील, चावी आवळा."

"रंगच ओळखायचा ना? जन्म गेला माझा त्यात."

"म्हणूनच धास्ती वाटते," मशीनवरून मान वर न करता मामी म्हणाल्या होत्या.

मुलगी परतायच्या आदल्या दिवशी मी पडदे आखूड करून घ्यायला गेले, तर मामा टाकीसमोर डोकं खाजवत उभे. सगळे मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत होते. एक तर कलंडला होता.

"बाई, तुम्ही शाळेत शिकवायचात ना? बघा बरं."

"मी भाषा शिकवायचे, मामा. पण फुगा तर पिवळा दिसतोय."

"तो दिव्याचा पिवळेपणा. मी रोज सकाळी फुगा काढून खिडकीत टांगतो. एक सदरा शिवून होईतो ऊन वर येतं, मग हिरव्या रिळाशी लावून बघतो. रोज निळाच. म्हणून रोज चावी थोडी सोडतो. तरी निळा तो निळाच."

"आणि मासे रोज वर," मामी म्हणाल्या. "मला वाटलं, खायला मागतायत. जास्तच घातलं मी."

मला काही उमगेना. शेवटी मामींनीच मुलीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली,

"आधी चावी बंद करा. मग मगाने पाणी घेऊन उंचावरून टाकीतच ओतत राहा. हवा मिसळू दे."

मामा स्टुलावर चढून पाणी ओतू लागले. फोनवरून मुलगी सांगत होती, "फुगा पाण्याबाहेर आला की बाहेरच्या हवेने पुन्हा निळा होतो, बाबा. तुम्ही रोज खिडकीचं माप घेत होतात."

मामांनी ओतणं थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने मासे एकेक करून खाली उतरले. कलंडलेला सरळ झाला आणि झाडांत शिरला, तेव्हा कुठे मामा स्टुलावरून उतरले.

"आहेत ना सगळे?" फोनमधून आवाज आला.

"आहेत," मामा म्हणाले. "तू ये, बघ."

फोन ठेवल्यावर त्यांनी हिरव्या रिळाचा दोरा तोडला आणि टाकीच्या काचेवर फुग्याशेजारी चिकटवला. आता फुगा जागचा हलणार नव्हता.

"पण बाई, उजेडात खोटा आणि दिव्याखाली खरा, असा रंग कधी असतो का?"

एवढ्यात एक गिऱ्हाईक जांभळं कापड घेऊन आलं. मामा सवयीने दारात गेले, मान तिरकी केली, मग परत आत येऊन दिव्याखाली उभे राहिले.

"अहो, ठरवा काहीतरी," मामी म्हणाल्या. "ते कापड आहे. त्याला पाण्यात नाही राहायचं."

मामा पुन्हा दाराकडे निघाले होते.