गायरानात बसवलेली मेंढरं

बिरू धनगर हा आमचा दरसालचा माणूस. वडगाव निंबाळकरला माझी वांगी-टोमॅटोची शेती. दसऱ्यानंतर तो कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचा आणि जेठात परतताना दोन-चार रात्री माझ्या रानात मेंढरं बसवायचा. लेंड्यांनी रान असं भरून निघायचं की दुकानातल्या खतानं झक मारावी. मोबदला म्हणून पोतंभर ज्वारी. तिथं काय पेरणार, हे त्यानं मला कधी विचारलं नाही. धनगर विचारतच नाही. रान ज्याचं, पीक त्याचं.

शहाण्णव साली तो आला तेव्हा भलताच खुशीत होता. "तात्या, औंदा आमचा माळ बघाया या," म्हणाला. "जायच्या आधी गायरानात मेंढरं बसवली. सरपंच अप्पांनीच सांगितलं व्हतं. गावचंच रान, त्याचा दाणा कशाला घ्यायचा?"

त्याची वाडी इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या अलीकडं. पावसाळ्याचे चार महिने त्याचा सगळा कळप त्या गायरानावर जगायचा. दुसरीकडं जायला जागा नव्हती. कालवा आला, ऊस आला आणि पडीक रानं संपली.

कळप चालत पुढं गेला. नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्या आणि त्यांची कोकरं मी टेम्पोत घेतली आणि वाडीच्या तोंडाशी बिरूला गाठलं. तिथून माळावर गेलो आणि दोघंही जागच्या जागी थांबलो. गायरानाभोवती कंबरभर खोल चर खणलेला. आत टँकरनं जगवलेली रोपंच रोपं, लेंडीखतावर तरारलेली. फाटकावर पाटी: हरित ग्राम योजना, चराई व कुऱ्हाडबंदी. आणि फाटकाशी खाकी शर्टात, हातात काठी घेऊन बिरूचा थोरला, संभाजी. यंदा तो कळपाबरोबर गेला नव्हता. त्याला गावात काम लागलंय एवढंच बिरूला कळलं होतं.

"संभ्या, फाटक काढ."

"न्हाय काढता येत, आबा. बंदी हाय."

"कुणी घातली?"

संभाजी खाली बघत बोलला. "तुमीच माळ दिला की. मीटिंगीत सायबांनी इचारलं, धनगरांची हरकत हाय का. अप्पा म्हणलं, हरकत कसली, बिरूनं सोता मेंढरं बसवून खत दिलंय. समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

 झाडं कुणाला नकोत? पण योजना ठरली मुंबईत, आणि अप्पाला निवडणुकीत दाखवायला काहीतरी हिरवं हवं होतं. त्याच्या उसाच्या बांधावर चार झाडं लाव, असं त्याला कुणी सांगितलं नाही. सभा घेतली तीही धनगर कोकणात असताना. आणि ज्याचं रान काढून घ्यायचं, त्याच्याच मेंढरांकडून त्या रानाला खत घालून घेतलं. असा नीचपणा मी दुसरा पाहिला नाही.

आम्ही बोलत होतो तोवर मेंढरांनी संभाजीला ओळखलं. त्यानंच वाढवलेली ती. इतक्या महिन्यांनी दिसला म्हणून सगळा कळप त्याच्याकडं धावला. तो ओरडला, मागं सरला, पण ती कशाची ऐकतात. पुढची मेंढी फाटकाच्या फटीतून आत घुसायला लागली तशी त्यानं काठी उगारली आणि तिच्या तोंडावर हाणली. तिच्या ओठातून रक्त आलं. बिरूनं खाली बसून ते धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"आत गेली तर माझी नोकरी जाईल, आबा," संभाजी म्हणाला. बिरू उठला, कळप वळवला आणि निघाला.

आठवड्याभरात त्यानं सगळी मेंढरं इंदापूरच्या बाजारात विकली. मला कळलं तेव्हा मी तडक त्याच्याकडं गेलो आणि त्याच्यावर भडकलो. कलेक्टरकडं गेलो असतो, मोर्चा काढला असता, मी आलो असतो बरोबर. एवढ्यात हातपाय गाळायचे का?

"भांडलो असतो, तात्या," तो म्हणाला. "पर निकाल लागस्तवर मेंढरं रोज त्या फाटकाशी गेली असती, आन संभ्यानं रोज मारली असती. त्या दिशी त्याचा हात कापत व्हता. म्हैन्याभरानं कापला नसता."