हॉलंडला दाखवायचा कचरा

नव्वदच्या दशकात मी भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या अलीकडच्या एका गावात विज्ञान शिकवत होतो. औरंगाबादच्या एका संस्थेनं आमच्या शाळेची जोडी हॉलंडमधल्या एका शाळेशी लावून दिली. उपक्रम पर्यावरणाचा होता. दोन्हीकडच्या मुलांनी आठवडाभर आपापल्या शाळेतला कचरा साठवायचा, कागद, प्लास्टिक, काच असा निवडून तोलायचा आणि फोटोसकट एकमेकांना कळवायचा. हेडमास्तरांनी काम माझ्यावर सोपवलं. ते निवृत्तीला आलेले, कडक इस्त्रीची टोपी घालणारे गृहस्थ होते. शाळेचं नाव परदेशात जाणार म्हणून त्यांनी आधी सगळं आवार लख्ख झाडून घेतलं. तिथंच पहिली चूक झाली, असं मला वाटलं होतं; पण झाडलं नसतं तरी फरक पडला नसता.

आठवडा संपला तेव्हा कचऱ्यासाठी ठेवलेल्या टोपल्यात धूळ, पेन्सिलीचं एक टोक आणि थोडे चिंचोके होते. चिंचोकेही मुली खेळायला मागत होत्या. भरलेल्या वह्या किराणा दुकानात पुड्या बांधायला जायच्या. भाकरी फडक्यात यायची आणि फडकं घरी जायचं. पेरू मुलं बियांसकट खायची, आणि खाली काही सांडलंच तर दारात शेळी उभीच असायची.

हेडमास्तरांनी टोपल्यात वाकून पाहिलं. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, एवढाच कचरा दाखवला तर ते लोक इचारतील, ही शाळा भरती का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मुलांना घरून कचरा आणायला सांगितलं. मुलांनी उत्साहानं आणला. दुपारपर्यंत मालक गोळा झाले. एकजण तुटकी चप्पल न्यायला आला, तिच्या पट्ट्यावर त्याची दुसरी चप्पल दुरुस्त व्हायची होती. एकाच्या पोरानं उकिरड्यातलं टोपलंभर शेणखत आणलं होतं. ते आम्ही फेकून देणार आहोत असं कुणीतरी सांगितल्यानं तो भावाला सोबत घेऊन आला होता. एका म्हातारीचा गंजका डबा होता, ती त्यानं ज्वारी मापायची. ती हेडमास्तरांसमोर येऊन उभी राहिली. "माह्या डब्याला कचरा कोन म्हनलं?" तिनं विचारलं. हेडमास्तरांनी हॉलंड, पर्यावरण, दोन देशांची मैत्री असं सगळं समजावलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि डबा काखेत मारून गेली.

शेवटी आम्ही दोघं बाजाराच्या दिवशी भोकरदनला गेलो आणि गुटख्याच्या पुड्या, फाटक्या पिशव्या, फुटक्या बाटल्या वेचून एक पोतं भरलं. बाजार झाडणाऱ्या बाईला वाटलं, आमचा भंगाराचा धंदा आहे. तिनं पुढच्या बाजारीही या म्हणून सांगितलं. परतीच्या एसटीत कंडक्टरनं पोत्यात काय माल आहे ते विचारलं. हेडमास्तर म्हणाले, "शैक्षणिक साहित्य." कंडक्टरनं वास घेतला, लगेजचं तिकीट फाडलं आणि पोतं टपावर टाकायला लावलं.

गावातल्या आडत्याच्या काट्यावर आम्ही तो कचरा तोलला, फोटो काढला आणि सगळं पाठवून दिलं. तोलायला जरा उशीर झाला होता. तोवर मुलांनी चकचकीत पुड्या तोरणाला आणि धड बाटल्या घरी नेल्या होत्या.

हॉलंडच्या शाळेचं उत्तर आलं. त्यांच्या फोटोत मुलांच्या डोक्यापेक्षा उंच ढीग होता आणि मुलं खाली मान घालून उभी होती. त्यांनी आमचं अभिनंदन केलं होतं. इतक्या कमी कचऱ्यात तुम्ही शाळा कशी चालवता, हे शिकायला आमच्या एक बाई येत आहेत, असंही कळवलं होतं. हेडमास्तरांना अभिनंदनावर विश्वास बसेना.

"म्हणजे आपला नंबर गेला," ते म्हणाले.

ही शर्यत नव्हती, असं मी सांगून पाहिलं. मग तोलायचं कशाला, असं त्यांनी विचारलं.

बाई आल्या. उंच, उन्हानं लाल झालेल्या, सोबत संस्थेचा एक दुभाषा. स्वागताला केळी दिली. एक केळं खाऊन झाल्यावर बाई साल हातात धरून इकडेतिकडे पाहू लागल्या. एका मुलीनं ते साल घेतलं आणि दारातल्या शेळीला घातलं. बाईंना फार आनंद झाला. त्यांनी कॅमेरा काढला आणि पुन्हा तसंच करायला सांगितलं. साल संपलं होतं, म्हणून बाईंनी दुसरं केळं खाल्लं. शेळीनं ऐन वेळी तोंड फिरवलं. बाईंनी तिसरं खाल्लं. सगळी शाळा ओळीनं उभी राहून बाईंचं केळी खाणं पाहत होती. शेळीचं मात्र पोट भरलेलं होतं. शेवटी कुणीतरी दुसरी शेळी आणली, तेव्हा फोटो निघाला.

जाताना बाईंनी विचारलं की शाळेला कशाची गरज आहे. आमचं छत गळत होतं. मी हेडमास्तरांकडे पाहिलं, वर पाहिलं, घसा साफ केला. पण हातात साल धरून उभ्या असलेल्या पाहुण्या बाई त्यांच्या मनातून जात नव्हत्या. ते दुभाष्याला म्हणाले, "कचरापेटी न्हाई आमच्याकडं."

पुढे बोटीनं तीन पेट्या आल्या. एकीत एक बसवलेल्या, निळी, हिरवी, पिवळी, झाकणं घट्ट. त्यात कचरा टाकून त्या खराब होतील म्हणून हेडमास्तरांनी त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. गावातले लोक लग्नाकार्यात वाढायला त्या मागू लागले, तेव्हा पहिल्या मागणीला त्यांनी साफ नकार दिला. पण सरपंचाच्या मुलीच्या लग्नाला त्यांना नाही म्हणता आलं नाही. पेट्या गेल्या. पंगतीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो, आणि निळ्या पेटीतून मठ्ठा वाढत होते. हेडमास्तरांनी दुसरा पेला मागून घेतला आणि पलीकडच्या व्याह्यांना समजावलं की माल हॉलंडचा आहे, यात मठ्ठा आंबट होत नाही.